'बंद' पाटीच्या पलीकडे: अमेरिकेत येणाऱ्या सातारकरांसाठी

मे महिन्यात मुलांकडे कॅलिफोर्नियात येणारी साताऱ्याची मंडळी पायाने पक्की असतात. कुणी रोज अजिंक्यतारा चढतं, कुणी वासोटा करून आलेलं असतं. टाहो तलावाकडच्या जंगलात वाटेच्या तोंडाशीच 'बंद'ची पाटी दिसते. आत ना माणूस, ना यंत्राचा आवाज. मग कुणीतरी म्हणतंच, "कोणी नाहीये, पटकन जाऊन येऊ." असं अजिबात करू नका.

बामणोलीला नोंद केल्याशिवाय वासोट्याची होडी मिळत नाही आणि पावसाळ्यात ती वाट बंदच असते, हे आपल्याला पटलेलं आहे. इथल्या बंदीमागचं कारण वेगळं आहे: आत दाटलेली झाडं कापून रान विरळ करण्याचं काम चालू असतं. ते का करावं लागतं, ते आधी बघू. १९३५ मध्ये यूएस फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वनखात्याने, धोरण ठरवलं: दिसलेला वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायचा. त्याआधी पॉन्डेरोसा पाइन या सूचिपर्णी झाडाच्या रानात काही वर्षांच्या अंतराने जमिनीलगतची हलकी आग फिरायची आणि रोपांची गर्दी आपोआप कमी व्हायची. ती थांबली आणि झाडं दाटली. दाटीत पाणी पुरत नाही, पाणी नसलं की झाड राळ कमी सोडतं आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला बाहेर ढकलायला पाइनकडे राळेशिवाय दुसरं फारसं काही नसतं. खोडावर लाह्यांसारखे राळेचे गोळे आणि बुंध्याशी बारीक भुसा दिसला, तर त्या झाडावर हल्ला झालाय असं समजा. २०१० ते २०१७ या काळात दुष्काळ आणि भुंगेरे मिळून कॅलिफोर्नियात सुमारे १२.९ कोटी झाडं मेली.

म्हणून आता विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून टाकण्याचं काम, चालते. सपाटीवर यंत्रं झाडं कापतात, ओढून मोकळ्या जागेवर आणतात आणि तिथून ओंडक्यांचे ट्रक निघतात. चढावर माणसं चेनसॉने कापतात आणि फांद्यांचे ढीग रचतात. ढिगाचा मधला भाग कोरडा राहावा म्हणून वर कागद किंवा प्लास्टिक टाकतात. ढीग वाळू देऊन पाऊस किंवा बर्फ पडल्यावर पेटवतात. आपलं वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, त्यामागेही वणव्याला खाद्य कमी ठेवण्याचाच विचार असतो.

काम थांबलेल्या दिवशीही धोका संपत नाही. कापलेलं झाड कधीकधी शेजारच्या झाडाच्या फांद्यांत अडकून तिरकं लटकतं आणि वाऱ्याच्या एका झोताने खाली येतं. काम चालू असेल तर झाड पाडणाऱ्यापासून किमान दोन झाडांच्या उंचीइतकं अंतर हवं, म्हणजे ४० मीटरच्या पाइनला ८० मीटर. जाळलेल्या भागात तर जमिनीचाही भरवसा नाही. बुंधा जळून गेला तरी मुळं खाली धुमसत राहतात. वर राखेचा पातळ थर दिसतो, त्यावर पाय पडला की सरळ निखाऱ्यांत जातो. हे किती दिवस टिकतं? न्यू मेक्सिकोत जानेवारी २०२२ मध्ये जाळलेले ढीग वर बर्फ पडूनही आत धुमसत राहिले आणि एप्रिलमध्ये भडकले. ती आग दुसऱ्या, नियंत्रित जाळणीतून निसटलेल्या आगीला मिळाली आणि सुमारे ३ लाख ४१ हजार एकर जळालं.

पाटीजवळ लावलेला आदेश नीट वाचा. त्यात बंद वाटांची नावं, रस्त्यांचे क्रमांक, तारखा आणि नकाशा असतो. पूर्ण जंगल सहसा बंद नसतं, त्यामुळे शेजारची वाट अनेकदा मोकळी सापडते. आदेश मोडला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेवटच्या तारखेच्या भरवशावर मात्र तिकिटं काढू नका. माती ओली असली की यंत्रं थांबवतात, कारण चाकांखाली ती दडपून जाते. फार कोरडं पडलं तर ठिणगीच्या भीतीने दुपारचं काम बंद ठेवतात. घुबडांचा विणीचा काळ आला की काही भागांत महिनोन्‌महिने हात लावता येत नाही. तारीख पुढे जाणं म्हणजे बहुतेक वेळा काम काळजीपूर्वक चाललंय, असंच समजा.

गाडी घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. गेट उघडं म्हणजे रस्ता खुला, असं नाही. कामाची माणसं सकाळी गेट उघडतात आणि संध्याकाळी कुलूप लावून जातात, मग तुमची गाडी आत अडकते. गूगल मॅप अशी तात्पुरती बंदी दाखवेलच असं नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जंगलाच्या संकेतस्थळावरचे आदेश बघा किंवा रेंजर स्टेशनला, म्हणजे तिथल्या वनखात्याच्या कार्यालयाला, फोन करा. वाहनांना मुभा असलेल्या रस्त्यांचा नकाशा तिथे फुकट मिळतो. तो मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, कारण आत रेंज नसते.

वाट पुन्हा उघडल्यावरही आजूबाजूला मेलेली झाडं उभी असतात. त्यांच्या खाली डबा खायला बसू नका, तंबू लावू नका. वारा सुटला की मोकळ्या जागेकडे चला, शिखर राहिलं तरी चालेल.