घराच्या दस्तातली ती अट

मिनियापोलिसमध्ये जुनं घर असलेल्या मराठी मंडळींना उपयोग होईल म्हणून हे लिहितेय. माझ्या घराच्या दस्तात वंशभेदाची अट होती: हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू वा भाड्याने देऊ नये. ती मी रीतसर रद्द करून घेतली. अट १९२०च्या दशकातली, कायद्याने केव्हाच मेलेली, पण कागदावर शाबूत.

मी इथे रिअल्टर, म्हणजे घरांच्या खरेदीविक्रीची एजंट आहे. २५ मे २०२० रोजी ३८वा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूच्या चौकात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव घेतला. त्यानंतर इथल्या सगळ्या धंद्यांनी निषेधाची निवेदनं काढली, आमच्या लोकांनीही काढली. मी ती जरा संशयानेच वाचत होते. या शहरात कोणी कुठे राहायचं हे ठरवण्यात आमच्या धंद्याचा हात जुना आहे. १९२४ साली रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतच होतं की, ज्यांच्या येण्याने वस्तीतल्या मालमत्तेच्या किमती उतरतील अशा वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांचा रिअल्टरने तिथे शिरकाव करून देऊ नये. म्हणजे काळ्या कुटुंबाला दारातून परत पाठवणारा एजंट नियम मोडत नव्हता, पाळत होता! घर विकताना वा भाड्याने देताना भेदभावाला बंदी घालणारा १९६८चा फेअर हाउसिंग कायदा होत असताना संघटना विरोधात उभी होती, आणि त्या कायद्यासाठी झटणाऱ्यांत आघाडीवर होते आमच्याच मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर मॉन्डेल. संघटनेचे अध्यक्ष चार्ली ऑप्लर यांनी जाहीर माफी मागितली ती नोव्हेंबर २०२० मध्ये.

माफीपेक्षा मला ‘जस्ट डीड्स’चं काम जास्त पटलं. गोल्डन व्हॅली या उपनगरात ते सुरू झालं. वकील, टायटल (मालकीहक्काचे कागद) तपासणारे आणि काही रिअल्टर आपलं रोजचंच काम तिथे फुकट करून देतात: जुना दस्त शोधायचा आणि घरमालकाला अट रद्द करून द्यायची. २०२१ मध्ये मिनियापोलिस शहरही त्यात आलं.

सुरुवात नकाशापासून होते. मिनेसोटा विद्यापीठातल्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ या प्रकल्पाने २०१६ पासून जुन्या खरेदीखतांची छाननी चालवली आहे. संगणक संशयास्पद शब्द हुडकतो, मग स्वयंसेवक ते पान वाचून खात्री करतात. एकट्या मिनियापोलिसमध्ये अशा ८ हजारांहून जास्त अटी सापडल्या. शहरातली पहिली अट १९१० सालची; तिच्यात चिनी, जपानी, मूर, तुर्की, निग्रो, मंगोलियन आणि आफ्रिकी रक्ताच्या माणसांना जागा विकायला, गहाण ठेवायला किंवा भाड्याने द्यायला मनाई होती. अट असलेल्या जागा प्रकल्पाच्या नकाशावर रंगवलेल्या आहेत; त्यात माझ्या घराचा चौकोनही दिसला.

पुढचं काम दस्ताचा क्रमांक मिळवण्याचं. घर घेताना सही केलेल्या कागदांत ही अट दिसत नाही. तिथे फक्त ‘नोंदीतील निर्बंधांच्या अधीन’ अशा अर्थाची एक ओळ असते, आणि खरा मजकूर बिल्डरने पहिल्यांदा प्लॉट विकला त्या खतात दडलेला असतो. जस्ट डीड्सच्या वकीलबाईंनी तो काढून पाठवला. त्यात लिहिलं होतं: जो पूर्णपणे तथाकथित कॉकेशियन किंवा गोऱ्या वंशाचा नाही त्याला ही जागा विकू नये, भाड्याने देऊ नये, त्याने इथे राहूही नये.

मी त्यात कुठे बसते? उत्तर १९२३ सालीच मिळालेलं आहे. भारतातून आलेले भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात म्हणाले होते की मी कॉकेशियन आहे, म्हणून मला नागरिकत्व द्या. न्यायालयाने शास्त्राचा वाद बाजूला ठेवला आणि सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी येत नाहीत. तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात मी बेकायदा ठरले असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८च्या ‘शेली विरुद्ध क्रेमर’ निकालाने न्यायालयांना अशा अटी अमलात आणता येईनाशा झाल्या. मिनेसोटात १९५३ पासून नव्या अटी घालणं बंद झालं. जुनी अट घरमालकाला औपचारिकरीत्या रद्द करता यावी म्हणून मात्र २०१९ पर्यंत कायदा नव्हता.

फॉर्म साधा आहे. मालकाचं नाव, प्लॉट, ब्लॉक आणि ॲडिशन (प्लॉट पाडलेली वसाहत) यांसह जागेचं वर्णन, मूळ दस्ताचा क्रमांक आणि तारीख. वर्णन खतातून अक्षर न अक्षर उतरवायचं, पत्त्यावर भागत नाही. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या नोटरीसमोर कराव्यात. मग हेनेपिन काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत नोंदणी. जुना मजकूर मात्र पुसला जात नाही. सातबाऱ्यावर जुनं नाव कंसात जातं पण वाचता येतं, तसंच. मला ते योग्यच वाटतं. पान फाडलं असतं तर हे कधी घडलंच नाही म्हणायला लोक मोकळे.

मराठी मंडळात हे सांगितलं तर एक काका म्हणाले, “हा गोऱ्या-काळ्यांचा मामला, आपला काय संबंध?” कोलंबिया विद्यापीठातून परतलेल्या आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही हाकलून दिलं, हे काकांना माहीत होतं. मुंबईतल्या मांसाहारी चालत नाहीत अशा सोसायट्याही माहीत होत्या. संबंध तेवढा लागत नव्हता.

धंद्यात मला जास्त छळतो तो आपल्याच लोकांचा प्रश्न. “ताई, तिकडची वस्ती कशी आहे? आपल्यासारखे लोक आहेत ना?” याचं उत्तर देणं मला कायद्याने मना आहे. वंश बघून ग्राहकाला एखाद्या भागाकडे वळवणं किंवा तिथून दूर ठेवणं १९६८ पासून बेकायदा आहे, तरी ते चालतं. २०१९ मध्ये छापलेल्या तपासात ‘न्यूजडे’ या वर्तमानपत्राने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गोरे आणि बिगरगोरे ग्राहक एकाच एजंटकडे जोडीने पाठवून पाहिलं. आशियाई ग्राहकांना १९ टक्के, हिस्पॅनिकांना ३९ टक्के आणि काळ्यांना ४९ टक्के चाचण्यांत वेगळी वागणूक मिळाली. निवेदनावर सही करणं सोपं आहे. समोर बसलेल्या, कमिशन देणाऱ्या जोडप्याला “याचं उत्तर मी देणार नाही” म्हणणं अवघड. मी शाळांची आकडेवारी कुठे मिळते ते सांगते, संध्याकाळी आणि रविवारी तिथे स्वतः चक्कर मारा म्हणते. काही जण रागावून दुसरा एजंट धरतात.

तुमचं घर मिनियापोलिसबाहेर असेल तर आधी तुमचं शहर जस्ट डीड्समध्ये आहे का ते बघा. नसलं तरी मिनेसोटात फॉर्म स्वतः भरून काउंटीत देता येतो. दस्ताचा क्रमांक तेवढा दोनदा ताडून पाहा, जुन्या हस्ताक्षरात १ आणि ७ सारखेच दिसतात.