लाल परी, २४ स्टड : तिसऱ्या महिन्याची नोंद

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी विकत घेतलेली वापरलेल्या ठोकळ्यांची गोणपाटाची पिशवी काट्यावर २ किलो ४०० ग्रॅम भरली आणि तिचे मी १,०५० रुपये मोजले. विक्रेता म्हणाला, "ताई, पोरं खूश होतील." पोरे नाहीत आणि हे ठोकळे बेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःसाठी हवे आहेत, हे त्याला सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. लहानपणी मामाने मस्कतहून आणलेला एक छोटा संच सोडला तर लेगोशी माझा संबंध पंचवीस-तीस वर्षे तुटलेलाच होता. आता परतताना मी एकच अट घातली आहे, की महिन्याला ८०० रुपयांच्या वर जायचे नाही आणि एका महिन्यात जास्त खर्च झाला तर तो पुढच्या महिन्यांतून वळता करायचा.

या अटीत नवे संच बसत नाहीत. आयात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, त्यामुळे दुकानातल्या खोक्यांच्या किमती पाहून मी बऱ्याचदा फक्त खोक्यावरचे चित्र बघून बाहेर पडले आहे. म्हणून वापरलेला माल वजनावर घ्यायचा आणि नेमके जे भाग कमी पडतील तेवढेच सुटे मागवायचे, असा मार्ग मी धरला.

पिशवी उपडी केल्यावर त्यात मणी, शर्टाची बटणे, एका बाहुलीचा हात आणि सुकलेले झुरळ निघाले. हा कचरा सुमारे ३०० ग्रॅमचा होता. उरलेल्यात अस्सल आणि नकली असे दोन्ही ठोकळे मिसळलेले होते आणि ते वेगळे करण्यात चार संध्याकाळी गेल्या. ओळखण्याची खूण सोपी आहे, कारण अस्सल ब्रिकच्या, म्हणजे जाड ठोकळ्याच्या, प्रत्येक स्टडवर (वरच्या गोल उंचवट्यावर) लेगो ही अक्षरे उठवलेली असतात. चाळिशीनंतर मात्र त्यासाठी चष्मा आणि टेबललॅम्प लागतो. पुढेपुढे बोटांनाच कळू लागले, कारण नकली ब्रिक बसवताना एकतर हाताला जोर द्यावा लागतो, नाहीतर ती बसल्यावर डुगडुगते. आजच्या ब्रिकची आतल्या नळ्यांची रचना २८ जानेवारी १९५८ च्या पेटंट अर्जातली आहे आणि तेव्हापासून जुनी ब्रिक नव्या ब्रिकवर बसते. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली असल्यामुळे तशाच मापाचे ठोकळे इतर कंपन्याही राजरोस बनवतात, आणि त्यांतले काही चांगलेही असतात, पण माझ्या पिशवीत आलेले ६०० ग्रॅम त्यांतले नव्हते. ते सगळे भाच्याकडे गेले. माझ्याकडे दीड किलो अस्सल माल उरला, म्हणजे किलोला ७०० रुपये पडले. मोजून १,१४० नग भरले.

धुताना मी एक चूक केली, ती नोंदवून ठेवते. पहिला घाणा मी गीझरच्या कढत पाण्यात बुडवला आणि दोन लांब प्लेट (ब्रिकच्या एक तृतीयांश जाडीचे चपटे ठोकळे) धनुष्यासारख्या वाकल्या. पाणी ४० अंशांच्या वर जाऊ नये, हे मी आधी वाचले असूनही हात लावून अंदाज घेतला होता. पुढचे घाणे कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून, कपडे धुण्याच्या जाळीच्या पिशवीतून काढले आणि पंख्याखाली पंचावर सुकवले. गच्चीवर उन्हात मुद्दाम ठेवले नाहीत, कारण उन्हाने पांढरे ठोकळे पिवळे पडतात. मात्र या पिशवीतले पांढरे ठोकळे माझ्याकडे येण्याआधीच पिवळे पडलेले होते आणि त्यांनीच पुढे काय बांधायचे ते ठरवले.

रंगांप्रमाणे ढीग लावल्यावर दिसले ते असे : लाल भरपूर, करडे दोन प्रकारचे, आणि पांढऱ्या म्हणाव्यात अशा ब्रिक साईच्या रंगापासून थेट जुन्या वर्तमानपत्राच्या रंगापर्यंत. करड्याचे दोन प्रकार असण्याचे कारण असे. २००४ च्या सुमारास कंपनीने जुना करडा बंद करून निळसर छटेचा करडा आणला, त्यामुळे त्या आधीचा आणि नंतरचा माल शेजारी ठेवला की भिंतीला ठिगळ लावल्यासारखा दिसतो. पिवळ्या पडलेल्या ब्रिक हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पुन्हा पांढऱ्या करता येतात आणि तो उद्योग करण्याच्या मी अगदी बेतात होते. पण लाल ढिगाशेजारी तो पिवळट ढीग बघता बघता एसटीच्या लाल बसवरचा पट्टा डोळ्यांसमोर आला आणि तीच बस बांधायचे ठरले. पेरॉक्साइडचे पैसे वाचले.

माप काढताना खऱ्या बसची रुंदी २.६ मीटर आणि लांबी सुमारे ११ मीटर धरली. स्टडचे अंतर ८ मिलिमीटर असते, म्हणून सहा स्टड रुंद बस ४८ मिलिमीटरची होते आणि प्रमाण साधारण १:५४ येते. त्या हिशेबाने लांबी २०३ मिलिमीटर, म्हणजे पंचवीस स्टडच्या थोडी वर हवी होती. पंचवीस ही विषम संख्या सुटे भाग मोजून वापरणाऱ्याच्या मुळावर येते, कारण चार आणि आठ स्टडच्या तुकड्यांनी ती भरत नाही, म्हणून मी २४ वर थांबले. उंची १८ प्लेटची ठरली : तीन प्लेट चाकांची मोकळी जागा, एक प्लेट सांगाडा, तीन लाल, तीन पट्टा, सहा खिडक्या आणि दोन टप. आठ स्टड रुंदीची बस मिनीफिगरना (लेगोच्या छोट्या माणसांना) जास्त शोभली असती, परंतु तेवढे लाल माझ्याकडे नव्हते.

या बांधणीतला मला सर्वांत आवडलेला भाग पट्टाच आहे. दोन्ही बाजू मिळून एक बाय चार स्टडच्या बारा ब्रिक हव्या होत्या. माझ्याकडे नऊ होत्या आणि बाकी जागा एक बाय दोनने भरली. यातली मौज अशी, की पूर्वी कुणाच्या तरी घरात भिंत म्हणून उभ्या राहिलेल्या ब्रिकची उजेडाकडची एकच बाजू पिवळी पडते आणि आतली बाजू कोरी राहते. प्रत्येक ब्रिक खिडकीजवळ धरून फिरवायची, जी बाजू जास्त पिकलेली असेल ती बाहेर ठेवायची, असे करत एक पूर्ण संध्याकाळ गेली. पहिल्या खेपेला छटा कशाही लागल्या आणि पट्टा दातांत कीड लागल्यासारखा दिसला. मग त्या उतरवून सर्वांत फिकी ब्रिक चालकाच्या बाजूला आणि सर्वांत गडद मागच्या चाकावर अशी ओळीने लावली. आता बस कच्च्या रस्त्याची धूळ मागे घेऊन आल्यासारखी वाटते, आणि खिडकीतून आत डोकावले की त्याच ब्रिक आतून पांढऱ्या दिसतात.

खिडक्यांच्या पारदर्शक काचा महाग असतात आणि मला चौदा लागल्या असत्या, म्हणून काचा न घालता चौकटी उघड्याच ठेवल्या. दर तिसऱ्या स्टडवर एक बाय एकची लाल ब्रिक, तिच्यावर आडवी सलग प्लेट आणि तिच्यावर पुन्हा एक बाय एकच्या दोन प्लेट, अशी सहा प्लेटची उंची भरते. मधली आडवी प्लेट एसटीच्या खिडकीतल्या दांड्याचे काम करते. त्यासाठी ३००५ क्रमांकाच्या वीस लाल ब्रिक, काही प्लेट आणि बाजूला स्टड असलेल्या ८७०८७ क्रमांकाच्या बारा ब्रिक एका भारतीय विक्रेत्याकडून मागवल्या. माल ६४० रुपयांचा आणि टपाल ९० रुपयांचे झाले. यादी मी आधी सुट्या लेगो भागांच्या ब्रिकलिंक या संकेतस्थळाच्या स्टुडिओ या मोफत संगणक-प्रणालीत बस बांधून काढली, पण तिच्यात भाग कधी संपत नाहीत आणि हात सैल सुटतो. माझी पहिली यादी २,३०० रुपयांची झाली होती. मग ढीग समोर ठेवून तिला कात्री लावली.

एकूण खर्च १,७८० रुपये झाला असून तीन महिन्यांच्या मर्यादेतले ६२० रुपये हातात आहेत.

सध्या अडले आहे ते बसच्या तोंडाशी. पाटी असलेली पुढची भिंत मी प्लेट कुशीवर उभ्या करून, एकमेकींना लागून लावते आहे, कारण ४८ मिलिमीटर रुंदीत ३.२ मिलिमीटर जाडीच्या बरोबर पंधरा प्लेट बसतात. मी चौदाच मोजून लावल्या आणि उजव्या कडेला नखभर फट राहिली. पंधरावी लाल प्लेट ढिगात आहे, पण ती बसवायला संपूर्ण तोंड उतरवावे लागेल. पाटीवर "पुणे–अहमदनगर" लिहायचे ठरले आहे, कारण १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी त्याच मार्गावर धावली होती. सहा स्टड लांबीच्या गुळगुळीत टाइलवर ही अक्षरे बारीक ब्रशने बसतील की कागदावर छापून चिकटवावी लागतील, ते या रविवारी करून बघते.