100 टीबीची स्पार्स डिस्क: नोंद तिसरी

मुलुंडच्या आमच्या घरात खरी 100 टीबी साठवण ठेवणं शक्य नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली 2 टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), एवढंच भांडवल. म्हणून ट्रंकेट कमांडने 100 टीबीची स्पार्स फाइल (आकार मोठा, पण जिथे लिहिलं जाईल तेवढीच खरी जागा घेणारी) बनवायची, लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे डिस्कसारखी, जोडायची आणि तिच्यावर एक्सएफएसटेस्ट्स हा फाइलसिस्टीम तपासणाऱ्या टेस्टचा संच एक्सएफएस फाइलसिस्टीमसाठी चालवायचा, असं ठरवलं होतं.

पहिल्याच पायरीवर 'फाइल टू लार्ज'. होस्टवर (टेस्टचं व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, ज्यावर चालतं त्या खऱ्या मशीनवर) ईएक्सटी4 फाइलसिस्टीम होती, आणि 4 केबीच्या ब्लॉकवर तिथे एक फाइल 16 टीबीच्या पुढे जात नाही. होस्टवरच एक्सएफएस टाकली, प्रश्न मिटला.

खरा त्रास त्यानंतरचा. रात्री रन लावून झोपलो, सकाळी बघतो तर एका ठिकाणापासून पुढच्या सगळ्या टेस्ट फेल. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, आयओ एरर, फाइलसिस्टीम शटडाउन. दोन संध्याकाळी मी कर्नलमध्ये बग शोधत बसलो. मग होस्टवर डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) मारलं: 100 टक्के भरलेला.

कारण समजून घेण्यासारखं आहे. एक्सएफएस जागेचे अ‍ॅलोकेशन ग्रुप, म्हणजे स्वतंत्रपणे सांभाळलेले तुकडे, पाडते. एक ग्रुप जास्तीत जास्त 1 टीबीचा, म्हणजे माझ्याकडे किमान 100. नव्या डिरेक्टरी ती वेगवेगळ्या ग्रुपमध्ये पसरवते, आणि फाइल शक्यतो आपल्या डिरेक्टरीजवळ जागा घेतात. त्यामुळे टेस्ट थोडंच लिहीत असली तरी दर वेळी नव्या ठिकाणी लिहिते आणि स्पार्स फाइल फुगत जाते. एरवी एमकेएफएस (नवी फाइलसिस्टीम बनवणारी कमांड) सुरुवातीला डिस्कार्ड, म्हणजे 'ही जागा आता नको' असा निरोप, पाठवतं, लूप ड्रायव्हर फाइलला भोकं पाडतो आणि होस्टला जागा परत मिळते. वेळ वाचावा म्हणून मी कॅपिटल 'के' देऊन नेमकं तेच बंद केलं होतं. आता तो पर्याय काढलाय, आणि प्रत्येक टेस्टनंतर होस्टवर 200 जीबीपेक्षा कमी उरलं तर रन थांबतो. होस्ट भरल्यामुळे आलेलं अपयश फाइलसिस्टीमच्या खात्यावर जाता कामा नये.

दुसरा भाग मला मनापासून आवडला. डिस्क भरून बघणाऱ्या टेस्ट 100 टीबीवर कधी संपणार? त्यासाठी टेस्ट चालवणाऱ्या चेक स्क्रिप्टला 'लार्ज-एफएस' हा पर्याय आहे. एमकेएफएसनंतर तो एक लपवलेली फाइल बनवतो आणि साधारण 50 जीबी सोडून बाकी सगळी जागा फॉलोकेटने (न लिहिता जागा राखून ठेवणारी सोय) तिच्या नावावर करतो. डेटा काहीच लिहिला जात नाही, फक्त 'अनरिटन' एक्स्टेंट, म्हणजे राखलेले पण न लिहिलेले सलग ब्लॉकचे पट्टे, नोंदले जातात, त्यामुळे होस्टवर भार जवळजवळ शून्य. 4 केबी ब्लॉकवर एक एक्स्टेंट 8 जीबीच्या आतच बसतो, म्हणजे त्या एका फाइलचेच 12,800 च्या आसपास एक्स्टेंट! तिच्यावर नोडंप फ्लॅगही लावलेला असतो, नाहीतर एक्सएफएसडंप या बॅकअप साधनाच्या टेस्ट तिचाच बॅकअप घ्यायला धावतील. फ्री स्पेस तपासली तर उरलेली जागा शेवटच्या ग्रुपांमध्ये दिसली. म्हणजे टेस्ट आता 16 टीबीच्या खूप पलीकडचे ब्लॉक वापरतायत, आणि मोठी डिस्क घेण्याचा मुद्दाच तो होता.

एक किरकोळ चूक माझ्या रॅपर स्क्रिप्टमधली: व्हीएममधल्या जुन्या मॉकने (ऑक या मजकूर-प्रक्रिया साधनाची एक आवृत्ती) 100 टीबीचा बाइटमधला 109951162777600 हा आकडा 1.09951ई+14 असा छापला आणि पुढे बॅशचं गणित सिंटॅक्स एरर देऊन थांबलं. प्रिंटएफने दशांशाशिवाय छापलं की झालं.

काही टेस्ट अजून अडतात. कुठे ठरावीक आकार गृहीत धरलाय, कुठे .आउट फाइलमधल्या अपेक्षित आउटपुटशी आकडे जुळत नाहीत. मोठ्या डिव्हाइसवर टेस्ट सरळ वगळण्याची सोय आहे, पण मी ती अगदी शेवटी वापरतोय. टेस्टला छोटीच फाइलसिस्टीम हवी असेल तर 'स्क्रॅच-एमकेएफएस-साइझ्ड' या संचातल्या फंक्शनने त्याच डिव्हाइसवर छोटी बनवता येते. तपासायची गोष्ट तपासली जाते आणि रिपोर्टमध्ये 'नॉट रन' वाढत नाही. एकेक टेस्ट उघडून तिला खरंच काय हवंय ते वाचायला वेळ लागतो, पण माझ्या मते काम हेच आहे.

'क्विक' ग्रुप, म्हणजे झटपट होणाऱ्या टेस्टचा गट, आता सलग तीन वेळा सारखाच निकाल देतोय. आज रात्री 'ऑटो' हा मोठा गट लावतोय, सोबत एक्सएफएस-रिपेअर (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारं साधन) किती मेमरी खातं त्याची दर मिनिटाला नोंद. व्हीएमला 16 जीबी दिली आहे. कुणी याहून कमी मेमरीत 100 टीबी रिपेअर चालवलं असेल तर आकडे जरूर कळवा.