तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलची बीबी (पायडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) इतक्या लवकर का जाते?

पाऊस ओसरून नवरात्राच्या सुमाराला सायकली पुन्हा रस्त्यावर आल्या की हा प्रश्न मला हमखास येतो. ‘मागच्याच वर्षी बीबी बदलली होती, परत कुरकुरायला लागली. इतक्या लवकर कशी जाते? आणि टिकवायची कशी?’ विचारणाऱ्यांत रोज सकाळी दोन-दोन तास सायकल मारणारे असतात, तसेच रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारेही असतात. वर्षानुवर्षं मित्रांच्या सायकली खोलताना एक गोष्ट सारखी दिसत आली आहे: सायकल कमी चालवणाऱ्यांच्या बीबीची हालत बऱ्याचदा जास्त वाईट असते. बीबी किलोमीटरनं फार कमी वेळा मरते. तिला पाणी मारतं, आणि त्या पाण्यासकट सायकल उभी ठेवणं मारतं.

ज्यांनी ती कधी उघडलेली पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, ज्या ॲक्सलला लागतात तो ॲक्सल, त्याच्या दोन टोकांची बेअरिंग आणि ती धरणारे कप, हे सगळं मिळून बॉटम ब्रॅकेट, म्हणजे बीबी. ती फ्रेमच्या ज्या आडव्या नळकांड्यात बसते त्याला शेल म्हणतात. जुन्या काळ्या रोडस्टरमध्ये सुटे किंवा जाळीतले पाव इंची छर्रे, आटे असलेले कप आणि कॉटर पिनचा ॲक्सल. नंतर आली बंद कार्ट्रिज, चौकोनी टोकाच्या ॲक्सलची. आता बऱ्याच चांगल्या सायकलींत 24 मिमीचा पोकळ ॲक्सल आणि शेलच्या बाहेर बसणारे बेअरिंग कप असतात, नाहीतर शेलमध्ये दाबून बसवलेली प्रेसफिट.

आता जोर पाहा, म्हणजे बीबीला उगाच नाजूक ठरवणार नाही. क्रँक 170 मिमीची आणि चेनरिंग (क्रँकवरचं दातेरी चक्र) 44 दात्यांची असेल, तर चेनरिंगची त्रिज्या साधारण 89 मिमी भरते. ॲक्सलपासून पायडलचं अंतर जास्त, चेनचं कमी, त्यामुळे पायडलवर जेवढा जोर द्याल त्याच्या जवळजवळ 1.9 पट ताण चेनवर येतो. चढावर 22 दात्यांच्या छोट्या रिंगवर आलात की तोच ताण 3.8 पट होतो. पायाचा जोर खाली, चेनचा ओढा मागे, आणि चेनचा भार मुख्यतः उजव्या बेअरिंगवर. शिवाय चाक ताशी 20 किलोमीटरला मिनिटाला साधारण 160 फेरे घेतं, क्रँक मात्र साठ-सत्तरच. फेरे कमी म्हणजे बेअरिंगला आराम, असं आपल्याला वाटतं; पण इतक्या संथ गतीला छर्रा आणि त्याची वाट यांच्यामध्ये वंगणाचा थर नीट तयारच होत नाही. भार मोठा, गती कमी, थर पातळ. म्हणून बीबीला पातळ तेल पुरत नाही, घट्ट ग्रीसच लागतं.

आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. चाकाच्या हबमध्ये कप फिरत असतो, त्यामुळे त्याच्यापुरता तरी भार सगळ्या घेरात वाटला जातो. बीबीत तेवढीही सवलत नाही. कप फ्रेममध्ये घट्ट, म्हणून त्याची ठरावीक बाजूच दबते. ॲक्सल फिरतो खरा, पण पायाचा जोर येतो तो क्रँक पुढे आडवी असतानाच, म्हणजे ॲक्सलच्याही त्याच त्या जागा दर फेरीला मार खातात. जुना ॲक्सल हातात घेऊन फिरवून पाहा: बाकीचा घेर चकचकीत आणि ठरावीक जागी खड्डे. सुट्या छऱ्यांची, चौकोनी टोकाची बीबी असेल तर यावर एक सोपा इलाज आहे. ओव्हरऑईल करताना (म्हणजे सगळं खोलून, साफ करून, ग्रीस भरून परत बसवताना) दोन्ही क्रँक ॲक्सलवर पाव फेरा पुढे सरकवून बसवायच्या. न झिजलेली बाजू भाराखाली येते.

एवढं सगळं असूनही, पोलाद चांगलं, ग्रीस स्वच्छ आणि आत पाणी नसेल तर बीबी हा भार वर्षानुवर्षं उचलते. तेव्हा मुद्दा पाण्याचाच.

शेल हा फ्रेमचा सगळ्यात खालचा सांधा. सीटपोस्टच्या क्लॅम्पखाली जी फट असते तिच्यातून पाणी सीट ट्यूबमध्ये उतरतं आणि थेट बीबीवर येऊन थांबतं. केबलच्या भोकांतून, बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूंमधून येतं ते वेगळं. बाहेरून पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी आणि बारीक रेती नेमकी तिथेच उडवत असतं. जुन्या रोडस्टरला पूर्ण मडगार्ड आणि चेनकव्हर होतं, याचं मोल ताम्हिणीत जुलैमध्ये एकदा भिजून आलं की कळतं. सीलला आपण पक्कं झाकण समजतो. ते असतं धूळ आणि शिंतोडे अडवायला. एकदा पाणी त्याच्या कडेखालून आत गेलं की तेच सील त्याला बाहेर पडू देत नाही आणि वाळूही देत नाही.

चालत्या सायकलीत छर्रे निदान ग्रीस फिरवत राहतात. उभ्या सायकलीत प्रत्येक छर्रा एका जागी टेकलेला असतो, आणि त्या टेकलेल्या जागेपाशी गंज धरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुलैत ओली लावलेली सायकल ऑक्टोबरात काढली, की त्या डागांवरून छर्रे घरंगळू लागतात. डागाची कड तुटते, तुटलेला कण ग्रीसमध्ये मिसळतो, तांबूस चिखल होतो आणि तो व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखा बाकीचं घासत सुटतो. इथून पुढे ती भराभर जाते. किनाऱ्यावर राहत असाल तर खारी हवा हे काम आणखी लवकर करते. घरात ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) चालवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, घाम म्हणजे मिठाचं पाणीच. टॉप ट्यूबवर पंचा टाका.

मग करायचं काय? पहिली विनंती: दुचाकी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाइपखाली सायकल देऊ नका. बीबी, हब आणि हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) या तिघांचं नुकसान त्या पाच मिनिटांत होतं. बादली, ओलं फडकं आणि जुना ब्रश पुरतो. दुसरी: भिजून आलात की त्याच दिवशी सीटपोस्टच्या उंचीवर खूण करून तो काढा, सायकल उलटी धरा आणि पाणी ओता. किती निघतं ते पाहून बरेच जण गप्प होतात. सीट ट्यूब तासभर उघडी राहू द्या. शेलच्या खाली निचऱ्याचं भोक आहे का ते पाहा. बऱ्याच फ्रेमना असतं आणि ते चिखलानं बुजलेलं असतं. धातूच्या सीटपोस्टला ग्रीस लावा (कार्बन असेल तर कार्बनची पेस्ट), आणि पावसापुरता जुन्या ट्यूबचा तुकडा क्लॅम्पवर चढवून ती फट झाका. फुकटातलं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायद्याचं.

ग्रीसमध्ये कंजूषी नको. वेगानं फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं तर ते तापतं, पण बीबी इतकी संथ फिरते की तो प्रश्नच येत नाही. कप पूर्ण भरा. कॅल्शियमचं किंवा बोटींसाठी मिळणारं ग्रीस पाण्यात छान टिकतं, साधं मल्टिपर्पज लिथियम ग्रीसही चालतं. सुटे छर्रे असतील तर पावसाळ्यानंतर ओव्हरऑईल करून घ्या आणि छर्रे नवेच टाका. ते इतके स्वस्त असतात की जुने धुऊन परत घालण्यात अर्थ नाही. बाहेरच्या कपांच्या बेअरिंगचं सील बारीक सुईनं अलगद उचलून, आत गंज नसेल तर, रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवून ग्रीस भरता येतं. गंज सोडवायचा पातळ स्प्रे मात्र बेअरिंगवर मारू नका. आवाज आठवडाभर बंद होतो, कारण तो उरलंसुरलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतो.

बसवणी चुकली तर पाण्याशिवायही बीबी जाते. शेलच्या दोन्ही तोंडांवर रंगाचे थर असले किंवा ती एकमेकांना समांतर नसली, तर बाहेरचे कप तिरके बसतात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाकडं फिरतं. तोंडं मशिननं सपाट करून घेणं हे चांगल्या दुकानातलं काम आहे, जरूर करून घ्या. 24 मिमी ॲक्सलच्या सायकलीत डाव्या क्रँकची प्लॅस्टिकची टोपी फक्त खेळ काढण्यापुरती असते, तिला 0.7 ते 1.5 न्यूटन-मीटर एवढाच ताण द्यायचा, म्हणजे बोटांनी पिळल्याएवढा. पकड देतात ते क्रँकवरचे दोन बोल्ट, 12 ते 14 न्यूटन-मीटरला. टोपी जोर लावून आवळली की बेअरिंग आडवी दाबली जातात. सुट्या छऱ्यांच्या, कप-कोनच्या बीबीतही हेच: फार घट्ट केलं तर दाब, ढिलं ठेवलं तर मोजक्याच छऱ्यांवर सगळा भार.

नवी बीबी विकत घेण्याआधी मात्र खरंच तीच गेली आहे का ते बघा, कारण चांगल्या बीबी उगाच फेकल्या जाताना मी पाहतो आणि मला त्याचं वाईट वाटतं. बसल्यावरच आवाज येतो आणि उभं राहिलं की थांबतो? सीट किंवा सीटपोस्ट. पाय थांबवून सायकल नुसती घरंगळतानाही येतो? मग बीबी नक्की नाही. पायडलच्या आट्यांना ग्रीस लावा, चेनरिंगचे बोल्ट आवळा, आणि परत चालवून पाहा. त्यानंतर चेन रिंगवरून खाली उतरवून शेलवर टाका, एक हात सीट ट्यूबवर ठेवा आणि क्रँक सावकाश फिरवा. खरखर हाताला कळते. मग क्रँक धरून फ्रेमकडे आणि बाहेर हलवा. दोन्ही क्रँक एकत्र हलल्या तर खेळ बीबीत आहे. एकच हलली तर ती क्रँक ॲक्सलवर ढिली आहे. ती लगेच आवळा, नाहीतर तिचं चौकोनी भोक कायमचं बिघडेल. प्रेसफिटमध्ये तर बेअरिंग धडधाकट असूनही ते शेलमध्ये किंचित सरकल्यामुळे कुरकुर होते. तिथे काढून, साफ करून, नीट दाबून बसवणं हाच उपाय.

आणि गेलीच असेल तर बदलून टाका, रेटत बसू नका. इंग्लिश आट्यांच्या शेलमध्ये उजवीकडचे आटे उलटे असतात. तो कप घड्याळाच्या दिशेनं सुटतो. पाना लावण्यापूर्वी हे दोनदा तपासा, कारण कप बदलता येतो पण शेलचे आटे गेले तर फ्रेमवर येतं. नवी बसवताना आटे स्वच्छ करून त्यांना भरपूर ग्रीस लावा. पोलादाच्या शेलमध्ये ॲल्युमिनियमचा कप कोरडाच बसवला आणि दोन-तीन पावसाळे गेले, की पुढच्या वेळी तो सहजासहजी निघत नाही.