दीड तास हायमास्ट बंद ठेवून घेताना – लेमन धूमकेतू, ऑक्टोबर २०२५

गावात सगळ्यांनी मिळून धूमकेतू बघायचा ठरवलं तर सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? दुर्बीण जमवण्यात नाही, शाळेचं मैदान मिळवण्यातही नाही. मैदानाच्या कडेचा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, दीड तास बंद करून घेण्यात जातो. आमच्या गटाने मराठवाड्यातल्या एका गावात हे करून घेतलं. ज्या एका कार्यालयात काम अडलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. पण पुढे कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वेळेचा हिशोब, कारण अर्ज त्यावरच उभा राहतो. लेमन धूमकेतू, म्हणजे सी/२०२५ ए६, पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला २१ ऑक्टोबरला. त्याच दिवशी अमावास्या आणि लक्ष्मीपूजन. फटाक्यांचा धूर क्षितिजालगत साचतो, म्हणून आम्ही भाऊबीजेनंतरचा दिवस, २४ ऑक्टोबर, धरला. तृतीयेची कोर नैर्ऋत्येला होती, तिचा त्रास नाही. आपल्याकडे त्या दिवसांत सूर्य सहाच्या जरा आधीच मावळतो. साडेसहाला पुरेसं अंधारतं आणि पावणेआठच्या सुमारास धूमकेतू मावळतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तो क्षितिजाच्या धुळीत असतो, सोयाबीनच्या मळणीची धूळ त्यात भर घालते. म्हणजे कामाची वेळ साडेसहा ते सव्वासात, फार तर वीस मिनिटं पुढे. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. पावणेसातला धूमकेतू क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर. एवढ्या खाली, पश्चिमेच्या बाजूलाच साडेबारा मीटरचा हायमास्ट पेटलेला असेल तर चौथ्या प्रतीची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी, धूसर वस्तू दिसायची आशाच सोडा.

दीड महिना आधी, ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाला ही अडचण आली नव्हती. चंद्राला हायमास्टने फरक पडत नाही. ढग सोडले तर त्या रात्री अडवणारं काही नव्हतं. त्यामुळे मुख्याध्यापकांनी मैदान पुन्हा लगेच दिलं, शाळा व्यवस्थापन समितीनेही होकार दिला. ते सगळं सुरळीत झालं.

अडलं ते दिव्यावर. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर मिळालं, "दिवा आमदार निधीतला आहे, काम बांधकामवाल्यांनी केलंय, आम्हाला बंद करायचा अधिकार नाही." तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो. तिथे सांगितलं की काम पूर्ण करून हस्तांतर झालंय, वीज कंपनीला विचारा. वीज कंपनीचे लोक म्हणाले, आमचा संबंध मीटरपर्यंत, पुढचं ज्याचं त्याने बघावं. पुन्हा त्या कार्यालयात. आता म्हणणं असं, की दिवा बंद ठेवायच्या अर्जाचा नमुनाच नाही. दिवा बसवायचा, दुरुस्त करायचा, नवीन खांब मागायचा, या सगळ्याचे अर्ज असतात. बंद ठेवायला कुणी येत नाही, म्हणून काय शेरा मारायचा ते कळत नाही. साहेब आल्यावर बघू. साहेब पंचनाम्यांच्या बैठकीत.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीचे पंचनामे आणि याद्या तेव्हा खरोखर चालू होत्या. कर्मचाऱ्यांवर ताण होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अर्ज न घेता तोंडी परत पाठवण्याबद्दल. नाही म्हणायचं तर कागदावर नाही म्हणा, पुढचा रस्ता तरी शोधता येतो. धूमकेतू कार्यालयाच्या सोयीने थांबत नाही आणि मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या लागलेल्या. २१ ते २३ ऑक्टोबर सगळं बंद, म्हणजे जे व्हायचं ते २० तारखेच्या आत.

गाठ सुटली ती मीटरच्या पेटीजवळ. हायमास्टच्या बुडाशी किंवा जवळच्या खांबावर मीटर असतो. त्याचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि त्या क्रमांकाचं बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. बिल ग्रामपंचायतीच्या नावावर निघालं. पथदिव्यांचीच ती जोडणी होती. जो बिल भरतो तो दीड तास दिवा बंद ठेवू शकतो, एवढं साधं होतं. बिलाची प्रत जोडून अर्ज दिला आणि सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी त्याच बैठकीत सही केली. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर तालुक्याला जायचीच गरज नव्हती. तुम्ही मीटरपासूनच सुरुवात करा.

अर्जात विषय असा लिहिला: "दि. २४/१०/२०२५ रोजी सायं. ६.१५ ते ७.४५ या वेळेत शाळेजवळील हायमास्ट दिवा तात्पुरता बंद ठेवणेबाबत." वेळ मिनिटासकट लिहा. "रात्री" असं मोघम लिहिलं की रात्रभर अंधार ठेवायचाय असा समज होतो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोलीस ठाण्यात एक प्रत माहितीसाठी द्या. परवानगी म्हणून नको, नाहीतर तिथे दुसरी फाईल सुरू होते.

लोकांची हरकत येते ती चोरीची, सापांची, आणि आता बऱ्याच भागात बिबट्याचीही. ती भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. शेतातून परत येणाऱ्यांच्या वाटेवर दोन माणसं लाल टॉर्च घेऊन उभी करा, हे अर्जातच लिहा. काळ्या रानात पावसाळ्यानंतर घोणस निघते, सगळ्यांनी बूट घालायचे. टॉर्चला जिलेटीनचा लाल कागद दोन-तीन पदरी बांधा, एका पदरातून पांढरा उजेड फुटतो.

सही मिळाली तरी बंद करणारा माणूस वेगळा असतो. गावात नळाला पाणी सोडणाऱ्याकडेच बहुतेक वेळा दिव्याच्या पेटीची किल्ली असते. त्याला आदल्या दिवशी भेटा आणि दिवसाउजेडी पेटी उघडून बघा. आत टायमर असतो. त्यावर भरवसा ठेवू नका. बॅटरी नसलेला टायमर लाईट गेली की तेवढा वेळ मागे पडतो. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको, म्हणून पेटीतलं घड्याळ हमखास चुकीचं असतं. ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल तर तो मॅन्युअलवर घेऊन दिवा पेटायच्या आधीच बंद ठेवायचा. खटका नसेल तर त्या माणसालाच पेटीचा मेन स्विच पाडायला सांगा, वायरला कुणी हात लावायचा नाही. पेटलेला दिवा मध्येच बंद करण्यात तोटा आहे. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, ती वाया जातात. जुने मेटल हॅलाईडचे दिवे असतील तर एकदा विझल्यावर गार होईपर्यंत परत पेटत नाहीत. एलईडी लगेच लागतात. गावकऱ्यांना "पावणेआठला लागेल" असं सांगितलं असेल तर हा फरक आधी माहीत हवा.

देवळाचा फोकस आणि शेजारच्या घरांचे बल्ब यांना अर्ज चालत नाही. घरोघर जाऊन सांगावं लागतं. त्या घरच्यांना पहिल्या रांगेत उभं करा.

बघण्याबद्दल थोडकं. १० बाय ५० चा बायनॉक्युलर या कामाला दुर्बिणीपेक्षा बरा. तो ट्रायपॉडवर लावा, हातात धरला तर थरथरीत शेपटी हरवते. आधी पश्चिमेला स्वाती ही चांदणी शोधा, मग तिच्या वरच्या अंगाला हळूहळू सरका. कापसाच्या बोळ्यासारखं डोकं आणि वर जाणारी फिकट शेपटी. थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवली की शेपटी जास्त लांब दिसते. सहा इंची डॉबसोनियन दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावा, जास्त मोठं करायच्या नादी लागू नका. वस्तू खाली असल्यामुळे आयपीस अवघडलेल्या उंचीवर येतो, वयस्करांसाठी स्टूल ठेवा. लेन्सवर दव धरतं. पुढे कार्डशीटची नळी गुंडाळली तर बराच वेळ निभतं, कपड्याने पुसू नका.

आणखी एक, राहून जाईल. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास. तेव्हा हायमास्टचा प्रश्न नाही, पण फिल्टरची तजवीज आधीच करा. वेल्डिंगची काच १४ नंबरची लागते. तालुक्याच्या दुकानात सहसा ११ नंबरची मिळते, ती सूर्याकडे बघायला पुरत नाही. दुर्बिणीला फिल्टर पुढच्या तोंडावरच लावायचा, आयपीसला कधीही नाही.

कार्यक्रम संपल्यावर दिवा लागला की पेटीजवळ उभं राहून खटका परत ऑटोवर घेतलाय का ते बघा, टायमरचं घड्याळ बरोबर लावून द्या आणि ग्रामसेवकांना फोन करून तसं कळवा. पुढच्या धूमकेतूच्या वेळी अर्ज घेऊन त्याच टेबलापुढे जायचं आहे.