शॉकअप बदलायच्या आधी गाडीखाली वाकून पाहा

आमच्या जुन्या वॅगनआरचं काम निघालं तेव्हा सर्व्हिस सेंटरनं चारही शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), माउंट, लिंक रॉड (सस्पेन्शनमधली बारीक जोडदांडी), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) असं सगळं धरून साडेएकवीस हजाराचं एस्टिमेट हातात दिलं होतं. काम झालं साडेआठ हजाराच्या आसपास. कसं झालं ते लिहून टाकतो, ग्रुपवर कोणी ना कोणी विचारतच असते.

राजेहो, खडखड आवाज आला म्हणजे शॉकअपच गेले असं नसते. सिमेंट रोडवरून डांबरी गल्लीत उतरताना जो टकटक आवाज येते ना, तो पुष्कळदा लिंक रॉडचा असते आणि ते लई स्वस्तात होते. गाडी खाली बसली असेल तर ती स्प्रिंगची भानगड, कारण वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप फक्त तिचं उसळणं थांबवते, आतला पिस्टन तेलातून बारीक भोकांच्या वाटेनं सरकते आणि उसळी तिथंच जिरते. सील फाटलं की तेल बाहेर, मग गतिरोधकावरून उतरल्यावरही गाडी हेलकावे खात राहते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, टायरवर हात फिरवला तर खड्डे-उंचवटे लागतात.

म्हणून आधी वाकून पाहायचं. हलकी ओल चालून जाते, ओघळ चालत नाही. माझ्या गाडीत समोरच्या दोन्हींवर तेलात धूळ बसून चिखल झाला होता, मागचे कोरडे ठणठणीत, मग मागचे कशाला बदलायचे? जोडीनं बदलायचे हे खरंच आहे, पण जोडी म्हणजे एकाच एक्सलचे, समोरचे किंवा मागचे डावा-उजवा, चारही नाही. लोअर आर्म मिस्त्रीनं सब्बल लावून हलवून पाहिला, ढिला नव्हता, तोही यादीतून गेला.

मिस्त्री वाडीकडचा. पार्ट मी स्वतः आणले, गॅब्रिएलचे, पक्क्या बिलावर. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झाला, बहुतेकांवर आधी २८ होता, तेव्हा दुकानदार जुन्या एमआरपीचा डबा पुढं करत असेल तर भाव करायला लाजू नका बाप्पा.

खरा पैसा जाते मजुरीत. समोर स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली असते, अख्खी असेंब्ली उतरवून स्प्रिंग दाबून काढावी लागते, तर एकदा खोललंच म्हणून वरचं माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारं रबर), डस्ट कव्हर तेव्हाच टाकून घ्यायचं, नाहीतर काही महिन्यांनी त्याच मजुरीचे परत पैसे. स्प्रिंग तुटलेली नसेल, बसलेली नसेल तर जुनीच लावा.

तेल भरून वेल्डिंग मारलेले रीकंडिशन शॉकअप स्वस्तात मिळतात, दिसायला एकदम नवे, पण समोरच्या चाकाला ते मी तरी लावणार नाही. आणि मिस्त्री स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर न लावता दोरी-तारेनं स्प्रिंग बांधून काढून राहिला असेल तर गाडी घेऊन सरळ घरी या, ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जाऊ शकते. शॉकअपच्या चकचकीत रॉडला पक्कड लावू देऊ नका, ओरखडा पडला की सील फाटते अन् नवा शॉकअपही गळायला लागते. बसवायच्या आधी उभा धरून काही वेळा दाबून-ओढून घ्यायला सांगा, दुकानात आडवा पडून आत हवा फिरलेली असते. चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी करा, तिथं पाचशे वाचवले तर टायर खाल्ले जातात.

बाइकवाल्यांसाठी एवढंच, समोरचा फोर्क गळत असेल तर आधी ऑइल सील आणि तेल बदलून पाहा, रॉड वाकडा किंवा गंजून खड्डे पडलेला नसेल तर तेवढ्यात काम होते.