तुम्ही विचारलंत म्हणून : बायकांचीच आत्मचरित्रं का?

घरी आलेला माणूस पुस्तकांच्या कपाटासमोर जरा रेंगाळला की हा प्रश्न येतोच. कादंबऱ्या आहेत, कविता आहेत, दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. पण मधले कप्पे मात्र नुसते बायकांच्या आत्मचरित्रांचे. असं का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न : यातलं तुमचं सगळ्यात आवडतं कोणतं? चहा होईपर्यंत उभ्याउभ्या सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून काढते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात मला कधी विचार करावा लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४पासून हे पुस्तक भागाभागानं निघालं. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या आणि अपुरं राहिलेलं काम त्यांच्या मुलानं, देवदत्त टिळकांनी पुरं केलं. शाळेची पायरीही न चढलेल्या या बाईचं मराठी असं आहे, की मोठ्यानं वाचलं तर स्वयंपाकघरातली माणसंही हातातलं काम ठेवून बाहेर येतात. आमच्याकडे हे झालेलं आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यानंतरची काही वर्षं लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. एवढ्या उलथापालथीचं वर्णन करताना त्या ना स्वतःला बिचारी करतात, ना नवऱ्याला खलनायक. टिळकांचा लहरीपणा, हातात येईल ते देऊन टाकणं, न सांगता निघून जाणं, सगळं सांगतात. एका पानावर त्यांच्यावर रागावलेल्या असतात, दुसऱ्या पानावर हसत असतात, आणि दोन्ही खरं वाटतं. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण कृपा करून संपूर्ण घ्या. त्या बाईंनी सांगितलेलं काही गाळावं असं मला तरी वाटत नाही.

आता पहिला प्रश्न. आमच्या शाळेच्या इतिहासात धोंडो केशव कर्व्यांचा १८९३चा पुनर्विवाह एका ओळीत उरकला होता. ज्यांच्याशी विवाह झाला त्या गोदूबाईंचं नावसुद्धा मला तिथे भेटलं नाही. ते भेटलं त्यांच्याच आत्मचरित्रात, ‘माझे पुराण’मध्ये. आठव्या वर्षी विधवा झालेली देवरुखची ही मुलगी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे ती आनंदीबाई कर्वे झाली, सगळ्यांच्या बाया. लग्नानंतर मुरूडला गावानं बहिष्कार घातला तेव्हा आपल्याच गावात, आपल्याच घरात परक्यासारखं वावरावं लागणं म्हणजे काय, हे त्या सांगतात. सुधारणा झाली हे इतिहास सांगतो. ती झाली त्या दिवशी घरात कोण कुणाशी बोललं नाही, पान कुठे मांडलं, दार कुणी लावून घेतलं, हे ज्या बाईवर ती घडली तीच सांगू शकते. मला ते जाणून घ्यायचं असतं. त्यासाठी हे कप्पे.

आणि ही पुस्तकं एकेकटी वाचायची नाहीत, असं माझं मत होत गेलं आहे. माझ्या कपाटात ती सालवार किंवा लेखिकेच्या नावानं लावलेली नाहीत, जोड्यांनी लावलेली आहेत. ‘स्मृतिचित्रे’शेजारी बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आहे. लक्ष्मीबाईंच्या लहानपणी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेणं नाही. त्या सोवळ्यापायी आई आणि मुलं कशी पिचून गेली ते पहिल्याच प्रकरणांत येतं. बेबीताईंच्या पुस्तकात महार बायका डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन ब्राह्मणाच्या दारात उभ्या आहेत आणि आतली बाई त्यांना बजावते आहे, लाकडाला तुमचा केस नाही ना, लुगड्याचा दोरा नाही ना, नीट बघा. एकच सोवळं, एकदा उंबऱ्याच्या आतून आणि एकदा बाहेरून. पहिलं पुस्तक एकटं वाचलं तर वडिलांच्या विक्षिप्तपणाची गोष्ट वाटते. दुसरं शेजारी ठेवलं की कळतं, त्या विक्षिप्तपणाची किंमत दारात उभं राहून कोण मोजत होतं.

बेबीताईंबद्दल आणखी थोडं सांगायलाच हवं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेल्या वह्या घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांनी कित्येक वर्षं लपवून ठेवल्या. ‘स्त्री’ मासिकातून ते लेखन लोकांपुढे आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचं ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ही आलं. सोलापूर जिल्ह्यातल्या महूदची ही मुलगी शिकून शिक्षिका झाली. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ मग २००३ मध्ये. बांबूच्या टोपल्या विणणारी त्यांची आई त्या पुस्तकात माझ्या डोळ्यांसमोर अजून बसलेली आहे.

दुसरी जोडी शिकण्याची. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१०चं. न्यायमूर्ती त्यांना शिकवताहेत आणि घरातल्या बायका टोमणे मारताहेत. नवऱ्याचा आग्रह आणि सासरच्या बायकांचा राग यांच्या मध्ये एक कोवळी मुलगी. पण हे पुस्तक मिटताना मला दर वेळी हुरहुर लागते. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले आणि आठवणी तिथेच थांबतात. पुढे पुण्याचं सेवासदन उभं करणाऱ्या रमाबाई त्यात नाहीत. स्वतःबद्दल लिहायचं ते नवऱ्याच्या आयुष्यापुरतंच, असं त्यांना वाटलं असावं. म्हणून त्यांच्याशेजारी मी सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ ठेवलं. तेही एका थोर माणसाच्या बायकोनं लिहिलेलं, पण १९९०चं, आणि त्यात ती बायको नवऱ्याकडे आणि स्वतःकडेही रोखून बघते.

माझी ही प्रत जुन्या बाजारातली आहे. आधीच्या मालकिणीनं पेन्सिलीनं बारीक रेघा मारल्या आहेत, काही ठिकाणी समासात फक्त ‘हो’ लिहिलं आहे. एका पानावर तो ‘हो’ इतका दाबून लिहिलाय की मागच्या पानावर उमटला आहे. नवी कोरी प्रत कुणी दिली तरी मी ही बदलणार नाही.

हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ कुणाच्याच शेजारी नीट बसत नाही. सिनेमातली बाई, बोलणं थेट, स्वतःला कुठेही सवलत नाही. ते कप्प्याच्या टोकाला एकटंच असतं आणि मागून नेणाऱ्यांत सगळ्यात जास्त तेच जातं.

बायांच्या, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांच्या ‘माझे पुराण’शेजारची जागा मात्र अजून रिकामी आहे. तिथे पार्वतीबाई आठवल्यांचं ‘माझी कहाणी’ हवं. पार्वतीबाई बायांची सख्खी बहीण, तीही विधवा. एकीनं पुन्हा लग्न केलं. दुसरीनं केलं नाही, ती कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाची झाली, आणि इंग्रजी जेमतेम येत असताना आश्रमासाठी निधी गोळा करायला अमेरिकेपर्यंत गेली. एका घरातल्या दोन बहिणी, एकच दुःख आणि दोन वाटा; ही जोडी मला एकत्र लावायची आहे. ग्रंथालयातून आणून मी ते वाचलेलं आहे, पण घरात नाही. १९२८ची असो की नंतरची, कुणाकडे जास्तीची प्रत असेल तर सांगा. बांधणी सुटलेली असली तरी चालेल, ती मी करून घेईन.